साथ आली तर दोन खोल्यांचा दवाखाना चालू कसा ठेवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावी बाजारपेठेत भाड्याचा गाळा, पुढे वेटिंग, मागे तपासणीची खोली. हाताखाली एक कंपाउंडर आणि एक मावशी. रोजची ओपीडी पन्नास-साठ. घरी सासऱ्यांना मधुमेह, वय सत्तरच्या पुढे. २०२० साली प्रश्न विचारणाऱ्या डॉक्टर इंटर्न होत्या. कोविड वॉर्ड त्यांनी पाहिला, पण स्वतःचा दवाखाना चालवायची वेळ तेव्हा आली नव्हती. आता त्या विचारतात, "अशी साथ पुन्हा आली तर दवाखाना चालू ठेवायचा की बंद? चालू ठेवायचा तर कोणती किट घेऊन ठेवू, आणि पैशांचं कसं करायचं?"

डॉक्टर, २०२० मध्ये जे छोटे दवाखाने बंद पडले, त्यातले बरेचसे कुणी ठरवून बंद केले नव्हते. कंपाउंडर पॉझिटिव्ह आला, त्याच्याबरोबर डबा खाल्लेले सगळे विलगीकरणात गेले आणि शटर खाली आलं. एसटी बंद म्हणून मावशी येईनात. शेजारच्या दुकानदारांनी दारातल्या रांगेला हरकत घेतली. मास्क संपले. नाहीतर रुग्णच येईनासे झाले आणि भाडं थकलं. त्यामुळे तयारी करायची ती या एकेका कारणाची. तुम्ही किटबद्दल विचारलंय, पण माझ्या मते दवाखाना टिकतो तो आधी खोलीतल्या हवेवर, मग फोनवर, मग मदतनिसांच्या पगारावर. किटचा नंबर त्यानंतर येतो.

चालू ठेवायलाच हवा का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साथ आली म्हणून बीपी, साखर, दमा, गरोदरपण थांबत नाही. देशात क्षयरोगाच्या नोंदी २०१९ मध्ये सुमारे २४ लाख होत्या, त्या २०२० मध्ये १८ लाखांवर आल्या. क्षयरोग कमी झाला नव्हता, खोकणाऱ्या माणसाला तपासणारं कुणी भेटलं नव्हतं. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवराचा उद्रेक झाला, तेव्हा त्यात लस चुकलेली मुलं मोठ्या संख्येनं होती. हे सगळे रुग्ण पहिल्यांदा येतात ते तुमच्या-माझ्यासारख्यांच्या दारात.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आधी सांगतो. पुढचं सगळं मी श्वासावाटे पसरणारा आजार गृहीत धरून लिहितोय. पाण्यातून किंवा डासांमुळे पसरणाऱ्या साथीत हवेची निम्मी काळजी गैरलागू ठरते आणि पाणी, ओआरएस, बेड हे प्रश्न पुढे येतात. लस आलेली आहे की नाही, यानंही फार फरक पडतो. आणि डॉक्टर स्वतः कोण आहे हे महत्त्वाचं. साठी ओलांडलेले, मधुमेह असलेले, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे किंवा गरोदर डॉक्टर असतील, तर त्यांनी लस येईपर्यंत फोन आणि उघड्यावरची तपासणी एवढंच करावं. त्याला पळपुटेपणा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. तुमचं वय पाहता तुम्ही काम करू शकता. सासऱ्यांसाठी घरात वेगळी खोली, वेगळी हवा आणि तुमच्यापुरता वेगळा बाथरूम जमतो का, हे साथ यायच्या आधी बघून ठेवा. जमत नसेल तर साथीच्या चढत्या आठवड्यांत त्यांना दुसऱ्या मुलाकडे ठेवता येईल का, हे आजच बोलून घ्या. ऐनवेळी हा विषय काढला की घरात वाद होतात आणि दवाखाना त्यातच बंद पडतो.

हवेपासून सुरुवात करू. गाळ्याला पुढे शटर आणि मागे मोरीची छोटी खिडकी असते. बहुतेक दवाखान्यांत तपासणीची खोली मागे, म्हणजे जिथे हवा कोंडते तिथेच. शिवाय मागे एक्झॉस्ट लावला की वेटिंगमध्ये खोकणाऱ्या सगळ्यांची हवा तुमच्या अंगावरून ओढली जाते. म्हणून साथीत खोल्यांची अदलाबदल करा. वेटिंग पूर्णपणे बाहेर, ताडपत्री किंवा शेडनेटखाली. पुढची खोली तपासणीची. तुमची खुर्ची शटरच्या बाजूला, रुग्णाचं स्टूल आतल्या बाजूला, आणि एक्झॉस्ट मागच्या खोलीच्या खिडकीत. हवा रस्त्यावरून आत येते, आधी तुमच्याजवळून जाते, मग रुग्णाजवळून, मग मागून बाहेर. मधला दरवाजा कायम उघडा. मागच्या खोलीत त्या दिवसांत कुणी बसायचं नाही, डबा तर तिथे अजिबात खायचा नाही. एक्झॉस्ट कुणाच्या जिन्यात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीवर सुटत नाही ना, तेही बघा.

पंखा केवढा घ्यायचा? खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट, म्हणजे १२०० घनफूट, साधारण ३४ घनमीटर. तासाला १२ वेळा हवा बदलायची तर ४०० घनमीटरच्या आसपास क्षमता हवी. मधलं दार उघडं असल्यामुळे मागच्या खोलीचं आकारमानही त्यात धरा, म्हणजे आकडा ७००-८०० वर जातो. पंख्याच्या खोक्यावर "सीएमएच" (तासाला किती घनमीटर हवा) किंवा "एअर डिलिव्हरी" म्हणून आकडा छापलेला असतो. तो मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडपा आणि पात्यांवरची धूळ यांमुळे प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. म्हणून लागेल त्याच्या दीडपट-दुप्पट क्षमतेचा घ्या आणि दर पंधरवड्याला पाती पुसा. स्वयंपाकघरात लावतात तो सहा इंची पंखा इथे पुरणार नाही.

पंखा बसला की उदबत्ती पेटवा. स्पिरिट आणि सॅनिटायझरच्या बाटल्या आधी लांब ठेवा. उदबत्ती तुमच्या खुर्चीजवळ नाकाच्या उंचीवर धरा. धूर सरळ रुग्णाच्या स्टुलाकडे झुकायला हवा. मग ती स्टुलाजवळ धरा. तिथून धूर मागच्या दाराकडे जायला हवा. तो वर जाऊन घोटाळत राहिला किंवा तुमच्याकडे परत वळला, तर छताचा पंखा बंद करून पुन्हा बघा. छताचा पंखा हवा नुसती ढवळतो, बाहेर काढत नाही. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवत नसेल, तर तुमच्या पाठीमागे टेबलफॅन हळू गतीवर, तोंड रुग्णाच्या दिशेनं. एसी त्या काळात बंदच, कारण स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा तोंडावर मारतो. लाइट गेली तर तपासणी बाहेर शेडमध्ये हलवायची. एक्झॉस्ट इन्व्हर्टरवर घेतलेला असेल तर उत्तमच.

कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र घेतलंत तर उपयोग होतो. बाहेरच्या हवेत आकडा सव्वाचारशेच्या आसपास दिसतो, खोलीत ८०० च्या आत राहिला पाहिजे. घेताना सेन्सर "एनडीआयआर" (इन्फ्रारेड प्रकाशानं मोजणाऱ्या) प्रकारचा आहे ना, हे विचारा. स्वस्तातली यंत्रं सॅनिटायझरच्या वाफेनंच उसळतात आणि मग त्यांच्यावरचा विश्वास उडतो. काउंटरवरच्या अ‍ॅक्रिलिकच्या पडद्याबद्दल लोक फार विचारतात. समोरासमोर बोलताना उडणारे थेंब तो अडवतो, पण टेबलाच्या कडेनं तीन बाजूंनी लावला तर हवा कोंडते. केसपेपर काढायच्या खिडकीवर असू द्या, तपासणीच्या खोलीत नको.

हवा बदलण्याचा वेग कळला की कामाचा क्रम आपोआप ठरतो. तासाला १२ वेळा हवा बदलत असेल, तर आधीच्या रुग्णाने सोडलेल्या कणांपैकी ९९ टक्के बाहेर जायला साधारण २३ मिनिटं लागतात. ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. प्रत्येक रुग्णानंतर अर्धा तास थांबणं आपल्याला परवडणार नाही. म्हणून वेळांची वाटणी करायची. सकाळी साडेनऊ ते साडेअकरा गरोदर बायका, लसीची बाळं, बीपी-शुगरचे रुग्ण, ड्रेसिंग. मग थोडी मोकळीक. बारा ते दीड ताप, खोकला, घसा. ज्यांचा घसा बघायचाच आहे ते सगळ्यात शेवटी, आणि त्यांना शटरबाहेर उजेडाकडे तोंड करून उभं करून. हा क्रम उलटा कधीच करू नका. संध्याकाळची ओपीडी साथीच्या चढत्या आठवड्यांत फोनवर ठेवली तरी चालते.

फोन ही दुसरी मोठी गोष्ट. दवाखान्यासाठी वेगळं सिम घ्या, तो नंबर आजपासूनच केसपेपरवर छापा. साथ आल्यावर नंबर वाटत बसायला वेळ मिळत नाही. सकाळी आठ ते नऊ कंपाउंडरने फोन घ्यायचे आणि वहीत लिहायचं: नाव, वय, गाव, तापाचा कितवा दिवस, दम लागतो का, लघवी आणि खाणंपिणं कसं आहे, साखर-बीपी-हृदय-किडनीचा आजार आहे का, ऑक्सिजनचा आकडा. नऊनंतर ती वही तुमच्यापुढे. कुणाला फोनवरच सल्ला, कुणाला कितीला बोलवायचं, कुणाला थेट रुग्णालयात पाठवायचं, हे तुम्ही ठरवायचं. कंपाउंडरवर सोडायचं नाही.

दम लागतो का, हे नातेवाइकाला विचारू नका. रुग्णाच्याच हातात फोन द्यायला सांगा आणि त्याला काल काय खाल्लं ते सांगायला लावा. वाक्य मध्ये तुटतंय का, ऐका. मग नातेवाइकाला मोबाइलवर एक मिनिट लावून छाती किती वेळा वर येते ते मोजायला सांगा, रुग्णाच्या लक्षात न येता. प्रौढाचा आकडा २४ किंवा जास्त असेल तर आजच तपासणी. ३० च्या वर असेल तर तुमच्याकडे बोलवायचंच नाही, १०८ ला फोन.

ऑक्सिमीटरचे पाच-सहा नग दवाखान्यात ठेवा आणि डिपॉझिट घेऊन घरी द्या. परत आला की स्पिरिटनं पुसायचा. जादा सेल ठेवा. कसा लावायचा ते देतानाच करून दाखवा: नेलपॉलिश काढायची, मेंदीचं बोट टाळायचं, हात गार असेल तर चोळून गरम करायचा, हात स्थिर ठेवून मिनिटभर थांबायचं आणि मग टिकलेला आकडा वाचायचा. लोक पहिला दिसेल तो आकडा सांगतात आणि घाबरतात, किंवा उगाच निश्चिंत होतात. सावळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, हे मनात असू द्या. कोविडसाठी आपण वापरलेल्या सीमा अशा: ९४ आणि वर असेल तर घरी, ९० ते ९३ असेल तर त्याच दिवशी रुग्णालय, ९० च्या खाली असेल तर लगेच ऑक्सिजन. ९४ च्या वर असलेल्याला घरातच सहा मिनिटं चालवून पुन्हा मोजायला सांगायचं, साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं. आकडा ९४ खाली गेला किंवा तीनपेक्षा जास्त अंकांनी उतरला, तर घरी ठेवायचं नाही. आधीच दम लागलेल्याला मात्र चालवायचं नाही. नवा आजार वेगळा वागेल, तेव्हा त्याच्या सूचना बघून या सीमा बदला.

कोविडमध्ये पहिले चार-पाच दिवस बरा वाटणारा माणूस दुसऱ्या आठवड्यात अचानक खालावायचा. म्हणून तापाच्या प्रत्येक रुग्णाला पाचव्या, सातव्या, नवव्या दिवशी आपणहून फोन करायचा. वहीत तारखा घालून ठेवल्या की कंपाउंडर हे नीट करतो. मोठ्या रुग्णालयाला हे जमत नाही, त्यांना रुग्णाचं घर माहीत नसतं. आपल्याला माहीत असतं. साथीत छोट्या दवाखान्यानं वाचवलेले जीव मुख्यतः या वहीतून वाचतात, असं मी पूर्ण विचारानं म्हणतो.

फोनवरच्या औषधांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० पासून आहेत, ती वाचून ठेवा. थोडक्यात: जुन्या रुग्णाचा त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आतला सल्ला पाठपुरावा धरला जातो, त्याची चालू औषधं पुढे लिहिता येतात. अगदी नव्या रुग्णाला नुसत्या आवाजावर पॅरासिटामॉल, ओआरएस अशा साध्या औषधांपलीकडे जायचं नाही, व्हिडिओवर बघितलं तर थोडं जास्त चालतं. शेड्यूल एक्समधली (कडक नियंत्रणातली) आणि एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं फोनवर कुणालाच नाहीत. चिठ्ठीवर रुग्णाचं नाव, वय, तारीख, तुमचा नोंदणी क्रमांक आणि सही, मग तिचा फोटो. नोंद आपल्याकडेही ठेवायची. बीपी-शुगर स्थिर असलेल्यांना महिन्याऐवजी दोन-तीन महिन्यांची चिठ्ठी द्या, म्हणजे तेवढ्या फेऱ्या वाचतात.

खोलीत आल्यावर रुग्ण पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त राहू नये. हकीगत बाहेरच विचारून झालेली असावी. स्टूल समोरासमोर न ठेवता तिरकं ठेवा, छाती पाठीमागून ऐका. कॉटवर सलाईन लावून दोन तास झोपवण्याची पद्धत साथीत पूर्ण बंद करा. रुग्ण मागतील, रागावतील, पण एका सलाईनमागे दोन तासांची हवा बिघडते. ज्याला तोंडानं घेता येतं त्याला ओआरएस, ज्याला येत नाही त्याची जागा रुग्णालयात.

नेब्युलायझरही कपाटात. दम्याच्या रुग्णाला इन्हेलर आणि स्पेसर, म्हणजे इन्हेलर आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली घ्या. तळाला इन्हेलरच्या तोंडाएवढं भोक पाडून तो घट्ट बसवा, कडेनं चिकटपट्टी लावा. बाटली आधी साबणाच्या पाण्यातून काढून न पुसता निथळू द्या. पुसली तर प्लास्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीलाच चिकटतं. सालब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे चार ते आठ पफ, एका वेळी एकच, प्रत्येक पफला चार-सहा श्वास. वीस मिनिटांनी बघून पुन्हा. बाटली त्याच रुग्णाला देऊन टाकायची. लहान मुलांना तोंडावर बसणारा मास्क लागतो, त्यांच्यासाठी तयार स्पेसरच घ्या.

साथीत लोक "काहीतरी स्ट्राँग द्या" म्हणून अडून बसतात, आणि रुग्ण दुसरीकडे जाईल या भीतीनं हात स्टेरॉइडकडे जातो. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या ६ मिलिग्रॅमचा फायदा दिसला तो ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांमध्ये. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसनं (काळ्या बुरशीनं) किती डोळे आणि जबडे गेले ते तुम्ही बघितलं असेल, त्यामागे वाढलेली साखर आणि वारेमाप स्टेरॉइड होती. ऑक्सिजन ९४ च्या वर असताना दवाखान्यातून स्टेरॉइड द्यायचं नाही, हा नियम भिंतीवर लिहून ठेवला तरी हरकत नाही.

आता मास्क. "आयएस ९४७३, एफएफपी२" हे बीआयएसचं (भारतीय मानक संस्थेचं) चिन्ह किंवा एनआयओएसएच या अमेरिकी संस्थेचं एन९५ चिन्ह बघून घ्या. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून जाणारे दोन पट्टे चांगले, ते चेहऱ्यावर घट्ट बसतात. झडपवाला नको, त्यातून तुमचा श्वास गाळल्याशिवाय बाहेर जातो. लावल्यावर जोरात श्वास सोडून बघा. चष्म्यावर वाफ आली तर नाकाची पट्टी बसलेली नाही. कंपाउंडरला दाढी असेल तर काढायला सांगा, नाहीतर एन९५ चा उपयोग साध्या कापडाइतकाच. टंचाईत प्रत्येकाला पाच मास्क, पाच कागदी पिशव्या, पिशवीवर नाव आणि वार. सोमवारचा मास्क पुढच्या सोमवारीच. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते, म्हणून कागदी. एक मास्क पाच वेळा वापरला किंवा पट्टा सैल झाला की फेकायचा. या हिशेबानं एका माणसाला महिन्याला पाच, तिघांना तीन महिन्यांना पंचेचाळीस. साठ घेऊन ठेवा. पण साठवून विसरू नका, कपाटात पट्टे जुने होतात. एरवी क्षयरोगाच्या आणि स्वाइन फ्लूच्या संशयितांसाठी ते वापरत जा आणि नवे मागे भरत जा. रुग्णांना दारातच तीन पदरी मास्क द्या.

डोक्यापासून पायापर्यंतचा पीपीई सूट आपल्या कामाला लागत नाही. मे महिन्यात तो घालून दोन तासांत चक्कर येते आणि मग माणूस मास्कच खाली ओढतो. एन९५, फेसशील्ड, धुता येणारा लांब बाह्यांचा गाऊन पुरतो. ग्लोव्ह्ज रक्त, जखम आणि स्राव यांसाठी. एरवी ग्लोव्ह्ज घातलेला हात पेन, फोन, नोटा सगळीकडे फिरतो, त्यापेक्षा प्रत्येक रुग्णानंतर सॅनिटायझर वीस-तीस सेकंद चोळलेला उघडा हात बरा.

पुसापुशीवर जीव टाकू नका. टेबल, कडी, स्टूल यांना ०.१ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण): ५ टक्क्यांच्या कॅनमधले २० मिली घ्या आणि पाणी घालून लिटर करा. रक्त किंवा थुंकी सांडली तर १ टक्का, म्हणजे एक भाग कॅनमधलं आणि चार भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून पुसायचं. रोज ताजं करायचं. अ‍ॅसिडमध्ये कधी मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो, आणि मावशींना हे स्वतः सांगायचं. स्टेथो आणि बीपीच्या यंत्राला स्पिरिट. माणसांवर फवारणी करणारे बोगदे, यूव्हीच्या पेट्या, धुरळणी यांवर एक रुपयाही घालवू नका. माणसांवर फवारणी करू नका, असं केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानंच एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं. कचऱ्यासाठी २०१६ च्या नियमांनुसार तुमची नोंदणी आणि उचलणारी गाडी असेलच. साथीत गाडीच्या खेपा चुकतात, म्हणून पिवळ्या पिशव्यांचा जादा साठा आणि झाकणाचा मोठा डबा ठेवा.

मदतनिसांकडे येतो. दवाखान्यातल्या माणसांना लागण पुष्कळदा एकमेकांकडून होते, चहाच्या वेळी. सगळे मास्क उतरवून मागच्या खोलीत एकत्र बसतात. म्हणून चहा आणि डबा एकेकानं, बाहेर. दोघांच्या पाळ्या आठवड्याच्या वाटून द्या, म्हणजे एकाला ताप आला तर दुसरा हाताशी राहतो. आणि साथीच्या पहिल्याच दिवशी दोघांना समोर बसवून सांगा, की ताप आला तर घरी राहायचं, खाडा धरला जाणार नाही. लिहूनही द्या. ज्याचा पगार कापला जाणार आहे तो पॅरासिटामॉल घेऊन कामावर येतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. त्याच्या घरी कोण म्हातारं आहे, कोण गरोदर आहे, हेही विचारा. एसटी बंद झाली तर ने-आण कशी करायची ते ठरवा, ओळखपत्र करून ठेवा.

गावातल्या आणखी दोन-तीन डॉक्टरांशी आजच बोला. एक आजारी पडला तर त्याचे फोन दुसऱ्याकडे वळवायचे, रुग्ण परत त्याचेच राहतील असा शब्द द्यायचा. हा शब्द नसतो म्हणून डॉक्टर ताप लपवून ओपीडी करतात. गाळामालक आणि शेजारचे दुकानदार यांनाही शेड कुठे येणार, रांग किती लांब जाणार, हे आधी दाखवा. हरकत घ्यायला मग फार कमी उरतं.

पैशांचं गणित कागदावर मांडा. समजा भाडं १०,०००, दोन पगार मिळून १८,०००, लाइट-फोन ३,०००, कर्जाचा हप्ता १५,०००. महिन्याला ४६,००० एक रुग्ण न बघताही लागणार. त्याच्या तिप्पट रक्कम वेगळ्या खात्यात, हात न लावता. ओपीडी निम्म्यावर येते तेव्हा घरखर्चही त्यातच ओढला जातो, म्हणून घरचे तीन महिने निराळे. फोनच्या सल्ल्याची फी संकोच न करता घ्या. नियमांत ती मान्य आहे. क्यूआर कोड पाठवा, जुन्या रुग्णांना निम्मी लावा, ज्याला परवडत नाही त्याला माफ करा. खर्चाचा क्रम असा ठेवा: एक्झॉस्ट, मास्क, ऑक्सिमीटर, फोन, शेड.

सरकारी विम्यावर विसंबू नका. कोविडमधल्या ५० लाखांच्या विम्यात खासगी डॉक्टरांचे दावे "तुमची सेवा सरकारनं अधिग्रहित केली होती का" या मुद्द्यावर अडले आणि घरच्यांना न्यायालयात जावं लागलं. दुसरीकडे काही महापालिकांनी दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर कारवाई करू, अशा नोटिसा काढल्या होत्या. त्यामुळे साथीत आलेली प्रत्येक नोटीस, आदेश, व्हॉट्सअ‍ॅपवरचं पत्रक तारखेसह छापून फाइलला लावा. स्वतःचा टर्म इन्शुरन्स आणि मदतनिसांचा आरोग्य विमा आजच काढा, साथ सुरू झाल्यावर कंपन्या अटी घालतात.

आणि कधीतरी बंद ठेवावाच लागेल. तुम्हाला ताप आला, घरात कुणी पॉझिटिव्ह निघालं, किंवा दोन्ही मदतनीस आजारी पडले, तर त्या दिवशी बंद, त्यात तडजोड नाही. पण नुसतं शटर ओढून जाऊ नका. बाहेर मोठ्या अक्षरात पाटी हवी: कधीपासून बंद, फोन कोणत्या वेळेत चालू, तपासणीसाठी कोणत्या डॉक्टरांकडे जायचं, ऑक्सिजनसाठी कोणतं रुग्णालय, १०८. ही पाटी तारखेची जागा मोकळी ठेवून आत्ताच करून ठेवा. फोनची वही, आणि इन्सुलिनवाले, डायलिसिसवाले, क्षयरोगाचं औषध चालू असलेले, नववा महिना लागलेल्या बायका यांची नंबरांसह वेगळी यादी तुमच्याबरोबर घरी असू द्या. अंगात त्राण असेल तर तुम्ही, नसेल तर ठरवलेले डॉक्टर, पण या यादीतल्या प्रत्येकाला बंद झाल्याच्या पहिल्या दोन दिवसांत फोन गेला पाहिजे.